कण्हायचं काम

लातूरच्या एका क्लासमध्ये मी नऊ वर्षं पेशंट होते. आजारी होते असं नाही, ते माझं काम होतं.

अपघात झालेल्या माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत कसं सांभाळायचं, ह्याचा सहा महिन्यांचा कोर्स तिथे चालायचा. शेवटी परीक्षा असायची. पास झालं की सर्टिफिकेट मिळायचं, आणि सर्टिफिकेट असलं की अॅम्ब्युलन्सवर किंवा मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात काम लागायचं. मी आधी त्या क्लासमध्ये झाडझूड करायचे, पिण्याचं पाणी भरायचे. शिकवायला सरांनी एक रबरी पुतळा आणला होता. पहिल्याच बॅचच्या पोरांनी त्याची मान उपटली. दुसरा येईपर्यंत सर मला म्हणाले, "मावशी, जरा टेबलावर पडा. नुसतं पडायचं हाय, बोलायचं काय बी न्हाई."

दुसरा पुतळा आला नाही. पुतळ्यापेक्षा मी बरी पडते, असं सरांना दिसलं. माझी नाडी लागायची, माझा श्वास चालायचा आणि माझी मान उपटत नव्हती.

मला माणसांपुढे बोलता येत नाही. चौथीत असताना गुरुजींनी कविता म्हणायला वर्गापुढे उभं केलं. तोंडातून शब्द निघाला नाही आणि मी उभ्या उभ्या परकर ओला केला. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि घरात कोणी विचारलंही नाही. म्हणून सर जेव्हा बोलायचं नाही म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. शिवाय टेबलावर एक सोय होती. पेशंटने डोळे मिटायचे असतात. तीस पोरंपोरी सभोवती उभी राहिली तरी मला कोणी दिसत नव्हतं.

तेव्हा लातूरला क्लासचं पेव फुटलं होतं. भूकंपात आमची गावं पडली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शहरात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बोर्ड उभे राहिले. डॉक्टर व्हायचा क्लास, इंजिनियर व्हायचा क्लास, पोलीस भरतीचा क्लास. प्रत्येक बोर्डावर पास झालेल्या पोरांचे फोटो, कपाळाला गंध, गळ्यात हार. उदगीर, औसा, निलंगा, पार देगलूरकडची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची आणि एका खोलीत सहा-सहा राहायची. आमच्या सरांचा क्लास त्यातला बारका. ज्यांना डॉक्टर होता आलं नाही ती पोरं इथे यायची.

आम्ही क्लासच्या मागच्या खोलीत राहायचो. माझे मालक त्याच क्लासवर वॉचमन होते. खोली सरांची होती. आम्ही दोघं आणि आमची एक मुलगी.

सरांचं शिकवणं कसं होतं ते सांगते. परीक्षेचा एक ठरलेला कागद असायचा. त्यावर पेशंट तपासायच्या बावीस पायऱ्या लिहिलेल्या आणि प्रत्येकीपुढे एक चौकोन. परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब यायचे. पोरानं पायरी मोठ्यानं म्हटली की साहेब चौकोनात बरोबरची खूण करायचे. सर म्हणायचे, "साहेबाचे डोळे कागदावर असतेत आणि कान तुमच्याकडं असतेत. तुमचा हात काय करून राहिलाय ते देवाला बी दिसत न्हाई. तोंड चालवा."

मग पोरं तोंड चालवायची. "मी पेशंटचा श्वास तपासत आहे. मी पेशंटची नाडी तपासत आहे. मी रक्तस्राव आहे का ते पाहत आहे." रोज तेच, पाढे म्हटल्यासारखं. तोपर्यंत त्यांचे हात माझ्या अंगावरून हवेतच फिरायचे. माशा हाकलतात तसे. काहींचा हात माझ्या नाडीच्या जागेपासून चार बोटं लांब असायचा आणि तोंडानं ते ठोके मोजायचे. एकदा एकानं बहात्तर मोजले. सर म्हणाले, "शाब्बास." मला हसू आलं. डोळे मिटलेले होते म्हणून दिसलं नाही.

मला त्या बावीस पायऱ्या पाठ झाल्या होत्या. पण कोर्सला दहावी पास लागायची.

सरांनी एक युक्ती काढली होती. परीक्षेतही टेबलावर मीच असायचे, कारण क्लासलाच परीक्षेचं सेंटर मिळालं होतं आणि पेशंट सेंटरनं द्यायचा असायचा. सरांनी पोरांना शिकवून ठेवलं होतं, "मावशी कण्हली की समजायचं, एक पायरी सुटली. थांबायचं, आठवायचं, म्हणायचं आणि पुढं जायचं." मला फक्त ऐकत राहायचं होतं. पोरगं मानेचा पट्टा विसरून पुढे निघालं की मी "अगं आई गं" करून कण्हायचे. पोरगं थबकायचं, आणि लगेच, "मी पेशंटच्या मानेला पट्टा बांधत आहे." साहेबांना वाटायचं, बाई काय मन लावून पडली आहे. एका साहेबांनी तर मला चहा पाजला.

आमच्या क्लासची पोरं धडाधड पास व्हायची. बोर्डावर फोटो वाढत गेले. त्यातली काही माझ्या कण्हण्यावर पास झालेली आहेत आणि आज कुठल्या कुठल्या रस्त्यावर माणसं उचलत आहेत. त्याचा विचार मी करत नाही.

आता माझ्या कंबरेचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी आणि माझी सासू एका भिंतीखाली सापडलो. मी वर होते, सासू माझ्या खाली. उजाडल्यावर मालकांनी आणि त्यांच्या भावकीतल्या एकानं दगड बाजूला केले. माझी कंबर एका लाकडाखाली होती. मालकांना त्यांच्या आईपर्यंत पोचायचं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ज्वारीचं पोतं ओढावं तसं मला ओढून काढलं. आत काहीतरी कडकन वाजलं. ते मी ऐकलं, मालकांनीही ऐकलं. सासू आधीच गेलेली होती.

पुढे छावणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईला फळीवर घेऊन सरळ काढलं असतं तर कंबर शाबूत राहिली असती. हाड कसंतरी जुळलं. डाव्या अंगाला एक टेंगूळ राहिलं. तिथे दाबलं की अजूनही डोळ्यापुढे अंधारी येते. मालकांनी त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. उलट रागावले की म्हणायचे, "तुला काढण्यात येळ गेला. न्हाईतर माय वाचली असती." मी ऐकून घ्यायचे. खरं काय होतं ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, माझ्या माहेरी होती म्हणून वाचली. मोठी झाली तसं माझी कंबर तीच चोळायची. शाळेतून आली की दप्तर टाकून तेलाची वाटी घ्यायची. तिचं बोट टेंगळाच्या कडेकडेनं फिरायचं आणि बरोबर दुखऱ्या जागेच्या अलीकडे थांबायचं. मी खोटं कण्हले तर म्हणायची, "उगं नखरे करू नको, हितं दुखत न्हाई, हितं दुखतंय." तिला माझ्या कंबरेचा नकाशा पाठ होता.

बारावी झाल्यावर तिनं हाच कोर्स करायचं ठरवलं. सर म्हणाले, "घरचाच क्लास हाय, बस की." ती सरांना काही बोलली नाही. खोलीत आल्यावर मला म्हणाली, "तुझ्या अंगावर शिकू का मी, त्या पोरांसारखी? मढ्यावर माशा बसल्यासारखे दिसतेत सगळे."

ती नांदेडला गेली. तिथे एका दवाखान्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, मुसलमान बाई. सगळ्या पोरी त्यांना खाला म्हणायच्या, म्हणजे मावशी. त्या पाच-सहा पोरींनाच घ्यायच्या आणि कागद कमी शिकवायच्या. अपघाताचं माणूस आलं की पोरींना पुढे घालायच्या. मुलगी सुट्टीला आली की त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. "ए बेटा, हात हाय का पापड हाय? जोर लगाव! हड्डी झूट नही बोलती." सहा महिन्यांत तिच्या ओढण्यांचे रंग गेले, रक्ताचे डाग धुऊन धुऊन. पण ती जेवताना सांगायची, आज एका म्हाताऱ्याची मान धरून बसले दोन तास, आज एका बाईचं रक्त थांबवलं. मी ऐकायचे. मालक म्हणायचे, "जेवताना रक्ताच्या गोष्टी कशाला?"

खालांच्या पोरी परीक्षेत मात्र पडायच्या. दोघी पास झाल्या तर तिघी नापास. त्यांचे हात चालायचे आणि त्या नादात तोंड बंद व्हायचं. साहेब कागदावर पेन टेकवून वाट बघत बसायचे. सर तर उघड हसायचे, "नांदेडच्या पोरी मुक्या. पेशंट वाचंल पण पोरगी काय पास होत न्हाई."

त्या दवाखान्याच्या अपघात विभागात एक जागा निघाली होती. खालांनी शब्द टाकून ती माझ्या मुलीसाठी धरून ठेवली होती. सर्टिफिकेट आणलं की दुसऱ्या दिवशी कामावर. नाही आणलं तर जागा दुसऱ्याला. मालकांनीही सांगून ठेवलं होतं, "एकदाच. पास झाली तर जा नांदेडला. न्हाई झाली तर औश्याचं स्थळ बघून राहिलोय मी." त्या स्थळाची पहिली बायको वर्षापूर्वी गेली होती आणि पदरात तीन लेकरं होती.

परीक्षा लातूरलाच, आमच्या सेंटरवर होती. आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला बोलावलं.

"मावशी, पोरगी आली का?"

"आली."

"तिला आपलं कण्हायचं काय सांगू नका. नांदेडच्या पोरी बी पास होऊ लागल्या तर आपल्या क्लासला कोण येणार? आणि ती तुमची पोरगी हाय हे साहेबाला कळता कामा नये. पेशंट नात्यातला निघाला तर तिचा पेपर रद्द. तिला बी सांगून ठेवा."

मी मान हलवली. खोलीत आले. मुलगी कागद घेऊन पाठ करत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. सांगून टाकावं असं मनात आलं, की मी कण्हले तर समज, पायरी सुटली. तोंडापर्यंत आलंही. तेवढ्यात ती म्हणाली, "माय, उद्या तू मला मदत बिदत करू नको बरं का. मला येतं." मी म्हणाले, "न्हाई गं, मी काय करणार?"

सकाळी परीक्षा सुरू झाली. साहेब नवे होते, पुण्याकडचे, चष्मेवाले. त्यांनी परिस्थिती वाचून दाखवली, मोटारसायकलवरून पडलेली बाई, अर्धवट शुद्धीत. प्रत्येकाला दहा मिनिटं. आमच्या क्लासचे अकरा जण आधी झाले. मी अकरा जणांसाठी कण्हले, कोणासाठी एकदा, कोणासाठी तीनदा. अकराही जण सुटले ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आत बघायला मिळतं म्हणून.

मग माझी मुलगी आली.

मी डोळे मिटलेलेच ठेवले, पण तिच्या पावलांवरून कळलं. तिनं पहिल्या सात-आठ पायऱ्या मोठ्यानं म्हटल्या. चांगलं म्हणत होती. साहेबांच्या पेनाचा आवाज येत होता. मी ठरवलं होतं, आपण कण्हायचं नाही, तिला कळणार नाही, उगाच गोंधळेल. मग तिचे हात माझ्या डोक्यावर आले, आणि मला नवल वाटलं. नऊ वर्षांत त्या टेबलावर मला कोणी असा हात लावला नव्हता. डोकं, मान, खांदे, बरगड्या, सगळीकडे बोटं दाबून बघत ती खाली येत होती. आणि तोंड हळूहळू बंद होत चाललं होतं.

ती कंबरेवर आली. दोन्ही तळहात दोन्ही बाजूंना ठेवून तिनं खालांनी शिकवल्याप्रमाणे दाबलं.

आजवर जे निघालं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. ते कण्हणं क्लासमधलं नव्हतं.

ती थांबली. वाकून माझ्या कानाशी आली. "माय, हितं दुखतंय का?"

आमच्याकडे वयानं मोठ्या कुठल्याही बाईला माय म्हणतात, त्यामुळे साहेबांना काही वाटलं नाही. मी डोळे उघडले. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं आणि ती परीक्षा विसरली होती.

"साहेब, हिच्या कंबरेच्या हाडाला मार हाय," ती म्हणाली. "हिला कुशीवर वळवता येणार न्हाई." तिनं गळ्यातली ओढणी काढली, माझ्या कंबरेखालून सरकवली आणि दोन्ही टोकं ओढून घट्ट गाठ मारली. इतकं बरं वाटलं मला. सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते हाड धरून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, "कागदावर पुढची पायरी कुशीवर वळवून पाठ बघायची आहे. वेळ जातो आहे तुमचा."

"पण साहेब, हिला खरंच मार हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते उठून टेबलापाशी आले. "बाई, तुम्हाला खरंच दुखतंय का?"

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून अकरा तोंडं बघत होती. हो म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग अकरा जणांच्या वेळी कण्हत होतात तेही खरंच का? आणि कोणी थांबलं कसं नाही? ते सगळं एका क्षणात मला दिसलं. मुलगी माझ्या कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिला नातं सांगता येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, की आता ही हाव म्हणेल.

पुढे मी कितीदा स्वतःला विचारलं, मला सरांची भीती होती का, खोलीची भीती होती का. खरं सांगते, तेव्हा खोली आठवलीच नाही. एवढ्या माणसांपुढे माझ्या कंबरेची गोष्ट निघाली होती आणि सगळे तिकडेच बघत होते. ते थांबावं एवढंच मला वाटत होतं. मी परत चौथीच्या वर्गापुढे उभी होते.

मी म्हणाले, "न्हाई साहेब. काय बी दुखत न्हाई."

साहेब मुलीला म्हणाले, "ऐकलंत? त्या त्यांचं काम छान करतात. तुम्ही तुमचं करा." खिडकीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मुलीनं ओढणीची गाठ सोडली. नंतरच्या पायऱ्या तिनं म्हटल्याच नाहीत. वेळ संपेपर्यंत हातात ओढणी धरून ती उभी राहिली.

नापास. एकटीच नापास.

दुपारी खोलीत मालकांनी विचारलं, "काय झालं गं?"

ती म्हणाली, "काय न्हाई बाबा. पेशंट चांगली ठणठणीत होती, मला उगं वाटलं कंबर मोडलीय."

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या दिवशी माझ्या हातचं जेवण पूर्ण न करता ताट सरकवलं. औश्याच्या स्थळाचं मात्र त्यांनी दोन दिवसांनी परत काढलं.

तिनं खालांना फोन केला. क्लासच्या दारातूनच केला, मला ऐकू जाईल असा. खाला म्हणाल्या असाव्यात की जागा पुढच्या परीक्षेपर्यंत कशीतरी धरते, कारण ती म्हणत होती, "हाव खाला. तीन महिने. शिकते तोंड चालवायला." मग बापाला म्हणाली, "आणखी एकदा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तिथं जाईन."

ती सरांच्या क्लासला बसली. सरांनी हसत हसत घेतली. पहिल्या दिवशी सगळ्या बॅचपुढे म्हणाले, "ह्या नांदेडहून शिकून आल्यात. ह्यांना पेशंटवर लई माया हाय. जरा माया कमी करून पाठांतर वाढवा." पोरं हसली. तीही हसली. मी टेबलावर होते.

तिला सगळं येत होतं, फक्त शब्द हवे होते. आठ दिवसांत ती बाकीच्यांच्या पुढे गेली. माझ्या अंगावरून तिचे हात फिरायचे आणि मी वाट बघायचे, की आता एकदा तरी दाबेल. एकदा ती रक्तस्रावाची पायरी विसरली. मी कण्हले. ती क्षणभर थबकली, म्हणाली, "मी रक्तस्राव आहे का ते पाहत आहे," आणि पुढे गेली. सर म्हणाले, "बघा, किती लवकर शिकली!"

त्या तीन महिन्यांत तिनं माझी कंबर चोळली नाही. मी सांगितलंही नाही. तेलाची वाटी मी आपणहून कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या परीक्षेला साहेब वेगळे होते. ती आली, नंबर सांगितला आणि बोलायला लागली. बोलणं असं स्वच्छ, की रेडिओवरची बाई बोलते आहे. एकही पायरी सुटली नाही. कंबरेपाशी आली तेव्हा मी श्वास रोखला. तिचे हात साडीला लागलेही नाहीत.

"मी पेशंटची कंबर तपासत आहे. कंबरेला मार नाही. मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवत आहे."

आणि तिनं मला डाव्या कुशीवर वळवलं, टेंगळावर. तेवढं मात्र तिनं खरंच केलं, दोन्ही हातांनी, जोर लावून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कण्हले असते तर खिडकीतल्या पोरांना वाटलं असतं तिची पायरी सुटली. मी ओठ दाताखाली धरले. साहेबांच्या पेनाचा आवाज आला.

तिला त्या परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. बाहेर आल्यावर तिनं सरांच्या पाया पडून पेढा दिला. मला पेढा भरवला नाही, हातात दिला. चार दिवसांनी ती नांदेडला कामावर गेली. सरांनी बोर्डावर तिचा फोटो लावला, कपाळाला गंध, गळ्यात हार. लातूरच्या क्लासची विद्यार्थिनी म्हणून.

मी त्यानंतर महिनाभर टेबलावर पडले. मग सरांना सांगितलं, आता व्हत न्हाई. सर म्हणाले, "बरं." दुसऱ्या पेशंटबाईला खोली लागणार होती. आम्ही बार्शी रोडच्या पलीकडे पत्र्याचं घर बघितलं. मालकांना दुसऱ्या क्लासवर वॉचमनचं काम लागलं.

मुलगी दिवाळीला येते. विष्णुपुरीच्या रस्त्यावर तिची खोली आहे, कामाचं ठिकाण जवळ आहे. ती चांगली आहे, बापाला कपडे आणते, मला साडी आणते. लोक सांगतात, तिच्या दवाखान्यात तिचं नाव आहे, पेशंट तिच्या हाताला यावा म्हणून नातेवाईक विचारत येतात. म्हणजे तिचा हात गेलेला नाही. तेवढं मला कळतं.

मागच्या दिवाळीला मी चुलीपुढून उठायला गेले. बसून बसून कंबर धरली होती. अर्ध्यावर आले आणि तोंडातून कण्हणं निघालं. ती आरशापुढे वेणी घालत होती. तिनं वेणी सोडली आणि झटकन दोन पावलं आली. हातही पुढे आला होता. मग ती तिथंच थांबली.

"खरंच का?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "हाव गं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ठरवता येत नव्हतं.